रस्त्यांवरील वृक्षांचा फेरफार

हिंगोली जिल्ह्यात शेतजमिनीच्या एखाद्या तुकड्याचा पूर्वेतिहास कोणास पाहावयाचा असेल, तर तलाठ्याच्या दप्तरात त्याला सातबाऱ्याचा उतारा मिळतो, उताऱ्यावरील वर्तुळातल्या आकड्यावरून फेरफाराची नोंद मिळते, आणि कोणत्या साली कोणाचे नाव कमी झाले, कोणाचे दाखल झाले, ते वारसाने की खरेदीखताने, हे सारे दोन-तीन पिढ्या मागे जाऊन वाचता येते; परंतु त्याच शेताला लागून गेलेल्या सडकेच्या कडेला जो चिंचेचा वा कडुनिंबाचा वृक्ष पाऊणशे वर्षे उभा होता आणि एके दिवशी नाहीसा झाला, तो केव्हा लावला गेला, कोणत्या कारणाने गेला, त्याच्या जागी काय आले, हे सलगपणे सांगणारा कागद मिळणे दुरापास्त असते. शहरातील व सडकांवरील वृक्षसमुदाय काळाच्या ओघात कसा बदलत गेला, हे डोळ्यांस दिसेल अशा रीतीने कसे मांडावे, हा प्रश्न गेली तीसेक वर्षे जगातील अनेक नगरांनी हाती घेतला आहे. त्या प्रयत्नांचा आढावा हिंगोलीसारख्या लहान जिल्ह्याच्या दृष्टीने घ्यावा, असा या लेखाचा हेतू आहे. प्रारंभीच माझे मत सांगून टाकतो. या सर्व खटाटोपाचे मर्म एका साध्या नियमात आहे: गेलेल्या झाडाची नोंद पुसावयाची नाही.

वाटेच्या कडेला झाडे लावणे हे कर्म आपल्याकडे राजधर्मात मोडत आले आहे. सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात वाटांवर वड लावविल्याचा, आम्रवने उभी केल्याचा व विहिरी खोदविल्याचा उल्लेख केला असून, पशूंना व मनुष्यांना सावली मिळावी हे त्याचे प्रयोजनही नमूद केले आहे. हिंगोलीचा विचार करताना मात्र इतके दूर जाण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात हे गाव निजामाच्या मुलखातील हैदराबाद कंटिंजंट फौजेचे ठाणे होते. ठगांवरील कादंबरीमुळे प्रसिद्धीस आलेला मेडोज टेलर हा अधिकारीही काही काळ येथे नेमणुकीस होता. आणि १९०३ च्या सुमारास ती फौज हिंदुस्थानच्या लष्करात विलीन झाली, तेव्हा छावणीचा काळ संपला. छावणी म्हटली की सरळ आखलेले रस्ते आणि त्यांच्या दुतर्फा सावलीची झाडे हे ओघानेच येते. त्यापुढे निजामी अमदानीतील बांधकाम खाते, १९४८ साली हैदराबाद संस्थानाचे भारतात विलीनीकरण, १९५६ साली मराठवाड्याचा द्विभाषिक मुंबई राज्यात समावेश, १९६० साली महाराष्ट्र राज्य आणि १ मे १९९९ रोजी परभणीपासून अलग होऊन झालेला हिंगोली जिल्हा, अशी राज्यव्यवस्थेची स्थित्यंतरे झाली. आणि प्रत्येक स्थित्यंतरात दप्तर एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेले.

झाडे जागेवरच राहिली, पण प्रत्येक पर्वाने आपापल्या पसंतीची झाडे लावली. वड, पिंपळ, चिंच, आंबा, जांभूळ आणि कडुनिंब हा जुन्या सडकांचा परिवार. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांतून सडका झाल्या, त्यांच्या कडांना रोपे लागली. ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते उभे राहिले आणि सुबाभूळ, निलगिरी, काशीद, गुलमोहर अशा झपाट्याने वाढणाऱ्या जातींना दिवस आले. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत राज्य शासनाने दोन, चार, तेरा व तेहतीस कोटी अशी चढती उद्दिष्टे ठेवून लागवडीची मोहीम चालविली. आणि अलीकडे महाराष्ट्रातील अनेक गावांच्या दुभाजकांवर कोनोकार्पस हे परदेशी झुडूप दिसू लागले, ज्याच्या लागवडीवर शेजारच्या गुजरात राज्याने २०२३ साली बंदी घातली. जुन्या सडकेवरून डोळसपणे जाणाऱ्यास हे थर ओळखता येतात: मोठ्या घेराचा, ढोली पडलेला चिंचेचा वृक्ष एका राजवटीचा, त्याच्या शेजारचा मध्यम वयाचा गुलमोहर दुसऱ्या धोरणाचा, आणि काट्यांच्या कुंपणात उभे असलेले करंजाचे रोप परवाच्या मोहिमेचे. वृक्षसमुदायाच्या परिवर्तनाचे चित्रण करावयाचे म्हणजे हे थर, आणि त्यांच्यातून जे गळाले ते, दोन्ही एकाच पटावर आणावयाचे.

या कामी आपल्याकडे परंपराच नव्हती असे मात्र नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या सडकांवरील झाडांच्या बुंध्यांना चुन्याचे व गेरूचे पट्टे ओढून त्यांवर क्रमांक घालण्याची पद्धत आपण सर्वांनी पाहिलेली आहे. सडकेच्या कडेच्या चिंचांच्या व आंब्यांच्या फळांची हर्रासी होई, वठलेल्या व उन्मळलेल्या झाडांच्या लाकडाची होई, आणि हर्रासीसाठी कोणते झाड कोठे आहे हे माहीत असणे अवश्य असे. महसुलाच्या निमित्ताने का होईना, झाडाला क्रमांक होता, म्हणजे व्यक्तित्व होते. माझ्या समजुतीने आजच्या अनेक झगमगीत गणनांत नेमके हेच हरवलेले आहे. शिवाय एकच सडक गावाबाहेर बांधकाम खात्याची, आडवाटेला जिल्हा परिषदेची, वेशीच्या आत नगर परिषदेची, फाटकाजवळ रेल्वेची. रोपे लावणारे खाते सामाजिक वनीकरणाचे, ती काही वर्षांनी ताब्यात घेणारी ग्रामपंचायत, आणि तारांखालच्या फांद्या उतरविणारी महावितरण. प्रत्येकाच्या कागदावर झाडाच्या आयुष्याचा एकेक तुकडा असतो. सर्वांचा मिळून एक पट कोणाच्याच टेबलावर नसतो.

कायद्याची बाजू पाहिली, तर ती दिसते तितकी दुबळी नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ साली झाला. त्याने महानगरपालिकांना व नगर परिषदांना वृक्ष प्राधिकरण स्थापन करण्याचे बंधन घातले, आणि दर पाच वर्षांनी आपल्या हद्दीतील वृक्षांची गणना करणे हे त्या प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि तोडावयाच्या झाडाचे वय जितकी वर्षे, तितकी रोपे भरपाईदाखल लावावीत, ती सहा ते आठ फूट उंचीची असावीत, त्यांचे स्थान अक्षांश-रेखांशासह नोंदवावे व सात वर्षेपर्यंत ती जगवावीत, असा दंडक घातला. या दुरुस्तीमुळे झाडाचे वय ही कायद्याच्या हिशेबाची बाब झाली आहे, ही गोष्ट पुरेशी ध्यानात घेतली जात नाही. वय ठरवावयाचे तर बुंध्याचा घेर मोजलेला हवा, आणि तो एकदा मोजून भागत नाही. कारण घेरावरून वयाचा अदमास बांधण्यासाठी आपल्या मातीत, आपल्या पावसात, त्या जातीचे झाड वर्षाला किती भरते हे ठाऊक असावे लागते, आणि ते त्याच झाडाची पुनःपुन्हा मोजणी केल्याखेरीज कळत नाही. वेशीबाहेरील क्षेत्रास हा अधिनियम लागत नाही. तेथे वृक्षतोडीचे नियमन १९६४ च्या स्वतंत्र अधिनियमान्वये होते, आणि तेथे नियतकालिक गणनेचे असे बंधन नाही. आपल्या जिल्ह्यात हिंगोली, वसमत व कळमनुरी या तीन नगर परिषदा आणि सेनगाव व औंढा नागनाथ या दोन नगर पंचायती आहेत. बाकीचा सारा मुलूख, आणि त्यातील जुन्या वृक्षांच्या लांबलचक रांगा, गणनेच्या कर्तव्याबाहेर आहेत.

मोठ्या शहरांनी गणना केल्या, त्यांचा अनुभव उद्बोधक आहे. मुंबईत २००८ च्या गणनेत सुमारे १९ लाख १७ हजार वृक्ष भरले आणि २०१८ च्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार. दहा वर्षांत दहा लाखांची भर पडली, असे या दोन आकड्यांवरून कोणी म्हणेल. पण दुसऱ्या वेळी उपग्रहाधारित स्थाननिश्चिती आली, मोजणीची रीत पालटली, आणि पहिल्या यादीतील अमुक झाड दुसऱ्या यादीतील कोणते, हे जुळविण्याची सोय नव्हती. म्हणून वृक्ष वाढले किती आणि मोजणी सुधारली किती, हे या आकड्यांतून वेगळे काढता येत नाही. पुणे महानगरपालिकेने झाडागणिक जात, घेर व स्थान नोंदवून चाळीस लाखांच्या घरात जाणारी गणना केली व ती लोकांना पाहण्यास खुली केली, हे निश्चितच मोठे पाऊल होय. त्या गणनेमुळे टेकड्यांवर गिरिपुष्प व सुबाभूळ यांचे केवढे प्राबल्य झाले आहे, हेही नागरिकांच्या नजरेस आले. तथापि एक गणना म्हणजे एका दिवसाची छबी. परिवर्तन दिसावयास निदान दोन छबी लागतात, आणि दोहोंत तेच झाड ओळखू यावे लागते.

या शर्तीची जाण ठेवून काम केलेले शहर म्हणून न्यूयॉर्कचे नाव घ्यावे लागते. तेथे केवळ रस्त्याच्या कडेच्या वृक्षांची गणना दर दहा वर्षांनी होत आली: १९९५ साली ४,९८,४७०, २००५ साली ५,९२,१३० आणि २०१५ साली ६,६६,१३४ वृक्ष भरले. तिसऱ्या गणनेस दोन हजारांहून अधिक स्वयंसेवक मिळाले, आणि त्यांच्या हाती जे साधन दिले गेले ते लक्षात घेण्याजोगे आहे. खिशातील यंत्राने मिळणारे अक्षांश-रेखांश दाट पानांखाली आणि उंच इमारतींमध्ये काही मीटरांनी चुकतात, आणि पाच मीटर अंतरावर उभ्या असलेल्या दोन झाडांची त्यामुळे अदलाबदल होते. म्हणून त्या स्वयंसेवकांनी मोजणीचे चाक व फीत घेतली, रस्त्याच्या कोपऱ्यापासून प्रत्येक झाडाचे अंतर मोजले, आणि त्या अंतरावरून झाड नकाशावर बसविले. आपल्या बांधकाम खात्यात किलोमीटरच्या दगडापासूनचे अंतर व डावी-उजवी बाजू सांगून जागा निश्चित करण्याची जी जुनी रीत आहे, तिच्याशी या पद्धतीचे सख्खे नाते आहे. मेलेली झाडे आणि उरलेले खुंटही त्या यादीत नोंदले गेले. यादी सर्वांना खुली असल्यामुळे नागरिकांनी आपापल्या कुशलतेने तिचे नकाशे काढले: कोणी जातीगणिक रंग देऊन, कोणी गल्लीगणिक तुलना करून, आणि जो मनुष्य अहवालाची शंभर पाने उघडणार नाही, तो आपल्या दारासमोरचा ठिपका शोधण्यासाठी मात्र नकाशा उघडतो.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न नगराने याच्याही पुढे जाऊन भविष्यकाळ रंगविला. दीर्घ अवर्षणाने तेथील वृक्ष खचले होते. त्यांची तपासणी करून तज्ज्ञांनी असा अंदाज बांधला की, शहराच्या देखरेखीखालील सुमारे ७० हजार वृक्षांपैकी २७ टक्के दहा वर्षांत आणि ४४ टक्के वीस वर्षांत आपले आयुष्य संपवतील. नगरपालिकेने प्रत्येक झाडाचा ठिपका त्याच्या उरलेल्या आयुष्यानुसार रंगवून तो नकाशा जनतेपुढे ठेवला. तेथील झाडांना क्रमांकाबरोबर ईमेलचा पत्ताही होता. तो तक्रारींसाठी होता. पण लोकांनी त्यावर झाडांनाच स्नेहाची पत्रे धाडली. चित्राने जे साधले ते असे की, पुढील वीस वर्षांची हानी आजच डोळ्यांपुढे आली आणि पुनर्लागवडीचा खर्च लोकांना पटला. आपल्या अधिक जवळचे उदाहरण बंगळूरचे आहे. तेथे हरिणी नागेंद्र व दिव्या गोपाळ यांनी रस्त्यांवरील वृक्षांचा अभ्यास करून २०१० साली तो प्रसिद्ध केला. रुंद रस्त्यांवर मोठे, जुने व विविध जातींचे वृक्ष आहेत, आणि हेच रस्ते रुंदीकरणासाठी प्रथम निवडले जातात. नव्या लागवडीत मात्र लहान चणीच्या जातींकडे कल आहे, असे त्यातून दिसून आले. ही परिस्थिती बंगळूरपुरती आहे असे मानण्यास मला काहीच आधार दिसत नाही.

आता चित्राच्या प्रामाणिकपणाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण आकड्यांपेक्षा चित्र अधिक चटकन पटते आणि म्हणून अधिक चटकन फसविते. नकाशावर प्रत्येक झाडाला एकसारखा ठिपका दिला, तर शंभर वर्षांचा वड आणि गेल्या आषाढात लावलेले रोप समान ठरतात. वीस मीटर व्यासाचे पर्णछत्र सुमारे ३१४ चौरस मीटर भूमीवर सावली धरते. एक मीटर व्यासाच्या रोपाची सावली एक चौरस मीटरही भरत नाही. म्हणजे तेवढ्या एका वडाची सावली भरून काढावयास तसली चारशे रोपे लागतील, आणि त्याच्या वयाइतकी रोपे लावली तरी हिशेब जमत नाही. तेव्हा ठिपक्याचे क्षेत्रफळ छत्राच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात हवे. येथे एक चूक वारंवार घडते: क्षेत्रफळाऐवजी व्यासाचाच हिशेब उलटसुलट धरला जातो, आणि चित्रातील मोठे झाड आहे त्याहून मोठे वा लहान भासते.

दुसरी बाब जमेची आणि वजावटीची. एखाद्या गावात पाच वर्षांपूर्वी दहा हजार झाडे होती आणि आजही दहा हजारच आहेत, असे दाखविणारी सपाट रेषा मनाला स्वस्थता देते. पण त्या अवधीत दोन हजार मोठी झाडे जाऊन दोन हजार रोपे लागली असली, तरी रेषा तशीच सपाट राहते. म्हणून शिल्लक दाखविणाऱ्या रेषेबरोबर आलेल्यांचा आणि गेलेल्यांचा असे दोन प्रवाह वेगळे काढून दाखविले पाहिजेत, आणि गेलेल्यांच्या प्रवाहात कारणांच्या उपशाखा हव्यात: रुंदीकरण, वादळ, रोग, अवर्षण, गटार वा नळाची खोदाई, बुंध्याशी जाळलेला कचरा, चोरटी तोड. अमेरिकेतील रस्त्यांवरच्या झाडांविषयीच्या अनेक अभ्यासांचा आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार तेथे वर्षाला शेकडा साडेतीन ते पाच झाडे दगावतात. हे प्रमाण वरवर क्षुल्लक दिसते. पण वर्षाला पाच टक्के या दराने वीस वर्षांनी शंभरांतील छत्तीसच उरतात. आपल्या काळ्या भारी जमिनीत, जिला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, रोपाचे पहिले तीन उन्हाळे किती कठीण असतात हे येथील कोणीही शेतकरी सांगेल. लागवडीच्या वर्षागणिक एकेक रेषा काढून ती कशी खाली येत जाते हे दाखविले, तर कोणत्या मोहिमेतील रोपे टिकली व कोणती केवळ छायाचित्रापुरती होती याचा निवाडा वादाशिवाय होईल.

तिसरे चित्र घेराच्या प्रतवारीचे. रिचर्ड्स या अमेरिकन अभ्यासकाने १९८३ साली असे सुचविले की, रस्त्यांवरील वृक्षसमुदायात कोवळी झाडे चाळीस टक्के, वाढती तीस, प्रौढ वीस आणि वृद्ध दहा टक्के असावीत, म्हणजे वृद्ध जातील तसतशी त्यांची जागा भरून निघेल. हे प्रमाण आपल्या हवामानास शब्दशः लागू करावे असे नाही. तथापि एखाद्या गावाच्या आलेखात दोन टोकांना दाटी आणि मध्ये पोकळी दिसली, तर मधल्या कोणत्या दशकांत लागवड झाली नाही किंवा झालेली दुष्काळात गेली, हे तत्काळ कळते. १९७२, त्यानंतर २०१२ ते २०१६ मधील कोरडी वर्षे, यांच्या खुणा मराठवाड्यातील घेराच्या आलेखांत सापडतील असा माझा तर्क आहे, आणि तो तपासून पाहणे अवघड नाही.

जातींच्या चित्राची निकड मला सर्वांत अधिक वाटते. सांटामूर या वृक्षशास्त्रज्ञाने १९९० साली मांडलेला संकेत असा: कोणतीही एक जात दहा टक्क्यांहून, एक प्रजाती वीस टक्क्यांहून आणि एक कुल तीस टक्क्यांहून अधिक नसावे. एल्म वृक्षांच्या रोगाने युरोप-अमेरिकेतील रस्तेच्या रस्ते उघडे पाडले, त्या अनुभवातून हा संकेत निघाला. मराठवाड्याचा जीव कडुनिंबावर आहे, आणि ते योग्यच आहे, कारण एवढ्या थोड्या पाण्यावर एवढी गार सावली देणारे दुसरे झाड विरळा. परंतु २०२१ साली लगतच्या तेलंगणात शेंडेमर रोगाने कडुनिंब मोठ्या प्रमाणावर करपले, फांद्यांची टोके वाळली, आणि लोक धास्तावले. पुष्कळ झाडे नंतर पालवली. पण ज्या गावाच्या सडकांवर कडुनिंबाखेरीज दुसरे काही नाही, त्या गावास अशा वेळी उन्हाळा कसा काढावा हा प्रश्न पडेल. कडुनिंबाच्या सोबतीला चिंच, करंज, शिरीष, जांभूळ, उंबर हवेत. आणि ते आहेत की नाहीत हे जातीगणिक रंगविलेला नकाशा एका दृष्टिक्षेपात सांगतो.

जमिनीवरून मोजलेल्या नोंदी जेथे नाहीत, तेथे आकाशातून घेतलेली चित्रे भूतकाळाची थोडीफार साक्ष देतात. लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह १९७२ साली गेला. त्याच्या चित्रातील एकेक बिंदू सुमारे ८० मीटरांचा, १९८२ पासून तो ३० मीटरांवर आला. भारताचा आयआरएस-१ए १९८८ साली, अडीच मीटरांपर्यंत बारकावा देणारा कार्टोसॅट-१ २००५ साली, आणि दहा मीटरांचे चित्र वारंवार व विनामूल्य देणारा युरोपचा सेंटिनेल-२ २०१५ साली अवकाशात गेला. तीस मीटरांच्या एका बिंदूत झाड, डांबर व शेत सारेच मिसळते, म्हणून जुन्या चित्रांत वृक्ष दिसत नाहीत, फार तर वृक्षांची दाट रांग दिसते. हिंगोलीच्या बाबतीत ऋतूचा विवेक त्याहून महत्त्वाचा आहे. भाद्रपदात सोयाबीन, कापूस, तूर व हळद यांनी सारे शिवार हिरवे असते आणि सडकेची झाडे त्यात बुडून जातात; माघ-फाल्गुनात हळद निघते, पण त्याच दिवसांत कडुनिंब व पिंपळ पाने टाकतात. चैत्राच्या उत्तरार्धात कडुनिंब नव्या पालवीने भरतो, कोरडवाहू राने उघडी असतात, आणि हिरवे जे उरते ते बहुतांशी झाड तरी असते किंवा इसापूर व सिद्धेश्वर धरणांच्या पाण्यावरचा ऊस तरी. साग मात्र तेव्हा निष्पर्ण असतो, आणि गुलमोहरावर पानांपेक्षा फुले अधिक असल्यामुळे हिरवेपणाच्या मोजमापात तो उणा भरतो. एका वर्षाचे कार्तिकातले चित्र आणि दुसऱ्या वर्षाचे फाल्गुनातले चित्र शेजारी ठेवून वृक्षहानीचा आक्रोश करणे, किंवा उलट क्रमाने ठेवून वृक्षवाढीचा जयघोष करणे, ही दोन्ही असत्याची रूपे होत.

आपल्या जिल्ह्यापुरते काय करता येण्याजोगे आहे, ते आता सांगतो. अकोला, वाशिम, हिंगोली, कळमनुरी व वारंगा फाटा या मार्गाने नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ चौपदरी झाला. प्रवास सुकर झाला हे खरे, आणि जुन्या सडकेच्या कडेची सावली त्यापायी गेली हेही खरे. ज्या झाडांना तोडीपूर्वी क्रमांक घातले गेले त्यांच्या याद्या, परवाने व हर्रासीचे कागद खात्यांच्या संचिकांत असणारच. त्या बाहेर काढून जात, घेर व किलोमीटर यांनिशी नकाशावर पोकळ वर्तुळांच्या रूपाने मांडल्या, तर भरपाईच्या लागवडीची भरीव वर्तुळे त्यांच्याशी ताडून पाहता येतील. हिंगोली शहराची लोकसंख्या २०११ च्या खानेसुमारीत लाखाच्या आत होती, इतर चार गावे त्याहून लहान. मुंबई-पुण्यास जे काम कंत्राटदारांकरवी करावे लागले, ते येथे शाळा-महाविद्यालयांच्या मुलांना हाताशी धरून एका उन्हाळ्यात होऊ शकते. साधनांची वाण नाही. राज्यात २०२१ पासून शेतकरी स्वतःच्या फोनवरून ई-पीक पाहणी करतो, आणि तीत बांधावरील झाडे नोंदविण्याचीही तजवीज आहे. ज्याने आपल्या बांधावरचा आंबा नोंदविला, त्याला समोरच्या सडकेवरची चिंच नोंदविणे अवघड जाणार नाही. नोंदीत सात बाबी पुरेत: कायमचा क्रमांक, जात, छातीच्या उंचीवरील घेर, छत्राचा व्यास, दगडापासूनचे अंतर व बाजू, प्रकृती, आणि तारीख. झाड गेले तर आठवी बाब, कारण, लिहावयाची आणि नोंद तशीच ठेवावयाची, जसे सातबाऱ्यावरील जुने नाव कंसात राहते. त्याच जागी नवे रोप लागले, तर त्याला नवा क्रमांक द्यावयाचा. जुना क्रमांक पुन्हा कोणास देणे म्हणजे मृताच्या नावे जिवंताचा दाखला काढणे होय.

राहिला मागील काळ. निजामी अमदानीतील बांधकामाचे दप्तर उर्दूत आहे आणि त्याचा पुष्कळ भाग हैदराबादच्या पुराभिलेखागाराकडे वळतो. उर्दू जाणणारे अभ्यासक हिंगोली, वसमत, कळमनुरीत आजही आहेत, त्यांनी या अंगाने ते पाहावे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांपैकी ५६ ई या पत्रकाच्या मालिकेत या मुलखाचा बराच भाग येतो, आणि त्या नकाशांत दूरवरून ओळखू येणारी एकाकी झाडेही खुणेने दाखविण्याची प्रथा होती. परंतु सर्वांत विपुल साधन घराघरांत आहे. हिंगोलीच्या दसऱ्यास दीडशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे. रामलीला मैदानावरील त्या उत्सवाची, औंढ्याच्या यात्रेची, नर्सी नामदेवच्या दिंडीची, लग्नाच्या वरातींची छायाचित्रे अनेक कुटुंबांच्या पेट्यांत आहेत, आणि माणसांच्या मागे रस्ता आहे, रस्त्याच्या कडेला झाड आहे. ज्यांच्याकडे अशी छायाचित्रे असतील त्यांनी ती निकामी समजून टाकू नयेत. मागील बाजूस साल, गाव व रस्ता पेन्सिलीने लिहून ठेवावा, आणि वडीलधाऱ्यांना विचारून झाडाची जात लिहावी. जिल्ह्यातील पाचही नगर संस्थांनी या चित्रांच्या प्रती करून घेण्याची सोय आपल्या वाचनालयांत करावी, येत्या चैत्रात गणनेस हात घालावा, आणि पहिल्या यादीबरोबरच, गेल्या वीस वर्षांत तोडीची परवानगी दिलेल्या प्रत्येक झाडाची दुसरी यादी लोकांपुढे ठेवावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.